यकृताशी शरीराचे वैर : आत्मप्रतिरक्षी यकृतविकार आणि त्यावरील संशोधनाची वाटचाल

प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या लेखणीतून

वार्षिक अहवालात ताळेबंदाच्या पानांपूर्वी एका आजाराविषयी सविस्तर टिपण देण्याचा आपल्या रुग्णालयाचा परिपाठ आहे. मधुमेह, क्षयरोग, मूत्रपिंडाचे विकार असे सर्वांच्या परिचयाचे विषय आजवर झाले. या वर्षी मुद्दाम एक अपरिचित विषय घेतला आहे. या आजाराचे रुग्ण संख्येने थोडे असतात, त्यामुळे शिबिरे त्यांच्यासाठी भरत नाहीत आणि फलकही लागत नाहीत. परंतु वेळेत ओळखला तर अगदी साध्या गोळ्यांनी आटोक्यात राहणारा आणि उशिरा ओळखला तर यकृत प्रत्यारोपणापर्यंत नेणारा असा हा आजार आहे. या दोन टोकांमधील अंतर पैशांत मोजले तरी डोळे विस्फारतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. लेखातील वैद्यकीय भाग आपल्या मानद डॉक्टरांनी वाचून तपासला आहे, हिशेबाची बाजू मात्र सर्वस्वी माझी.

शरीराची प्रतिकारशक्ती ही घराच्या राखणदारासारखी असते. बाहेरून आलेला जंतू ओळखावा आणि त्याला हुसकून लावावे, हे तिचे काम. क्वचित काही जणांत ही ओळखच चुकते आणि राखणदार घरच्याच माणसांवर काठी उगारतो. संधिवात, थायरॉइडचे काही विकार, ल्युपस ही त्याची आपल्या ऐकिवातील उदाहरणे होत. हाच हल्ला यकृतावर झाला म्हणजे त्यास आत्मप्रतिरक्षी यकृतविकार म्हणतात. हल्ला यकृताच्या पेशींवर असेल तर ऑटोइम्यून हिपॅटायटिस. यकृतातील अतिसूक्ष्म पित्तनलिकांवर असेल तर पीबीसी, म्हणजे प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस. मोठ्या पित्तनलिका आक्रसत जात असतील तर पीएससी, म्हणजे प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस. हा तिसरा प्रकार बहुधा मोठ्या आतड्याच्या दाहाच्या संगतीने येतो आणि त्याची वाटचाल थोपवील असे औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. म्हणून त्याचा येथे एवढाच उल्लेख करून पहिल्या दोहोंकडे, त्यातही मुख्यत्वे पहिल्याकडे, वळतो.

ऑटोइम्यून हिपॅटायटिस कोणत्याही वयात होतो, पण स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या तिप्पट-चौपट आढळते. सुरुवात बहुधा मुकाट्याने होते. थकवा येतो, अन्नावरची वासना उडते, सांधे दुखतात, तरुण मुलीची पाळी अनियमित होते. यांतले एकही लक्षण असे नाही की ज्यासाठी आपल्याकडची गृहिणी दवाखान्याची पायरी चढेल. मग एखाद्या दिवशी डोळे पिवळे दिसतात आणि घरात शब्द उच्चारला जातो तो म्हणजे ‘कावीळ’.

या एका शब्दापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. वसई-विरार पट्ट्यात, तसेच पालघर, डहाणू, जव्हारकडे कावीळ हा आजार ‘उतरवण्याचा’ मानला जातो. कोणी वनस्पतीच्या काड्यांची माळ डोक्यावर किंवा गळ्यात घालतो, कोणी चुन्याच्या निवळीने हात धुऊन पिवळे पाणी दाखवतो, कोणी नाकात थेंब सोडतो. माळ लांबत जाते तसतशी कावीळ उतरते, असा समज आहे. वास्तविक ओल्या काड्या सुकून आकसतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असेल तर चुन्याचे पाणी पिवळे होते, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव करून दाखविले आहे. असे असूनही या उपचारांवरील विश्वास ढळत नाही, आणि त्याचे कारण लोकांचे अज्ञान एवढेच नाही. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ विषाणूंची कावीळ बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्यामुळे मधल्या काळात जो उपचार केला असेल त्याच्या पदरात यश पडते. दहापैकी नऊ शेजारी माळेने बरे झालेले पाहिल्यावर दहाव्याने माळ का घालू नये?

खरी अडचण पुढे आहे. ऑटोइम्यून हिपॅटायटिसलाही भरती-ओहोटी असते. दाह काही महिने उसळतो, मग औषधावाचूनही ओसरतो, डोळे पांढरे होतात, भूक लागते. ‘उतरली’ म्हणून घरचे निश्चिंत होतात. वर्षभराने पुन्हा कावीळ, पुन्हा माळ, पुन्हा आराम. प्रत्येक भरतीच्या वेळी यकृताचा काही भाग व्रणात रूपांतरित होतो आणि तो व्रण डोळ्यांना दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेस पोटात पाणी होते किंवा रक्ताची उलटी होते, आणि तेव्हा सोनोग्राफीत कळते की यकृत आकसून गाठाळ झाले आहे. पाण्याची कावीळ माणसाला आयुष्यात दोन-तीनदा वर्षावर्षाच्या अंतराने होत नसते. कावीळ परत आली, किंवा सहा महिने उलटूनही एस.जी.पी.टी. उतरली नाही, एवढी एक खूण घरोघरी ठाऊक झाली तरी या लेखाचा खर्च वसूल झाला असे मी समजेन.

या आजाराला नाव मिळण्याची कथाही रोचक आहे. १९५० मध्ये स्वीडनचे डॉ. यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी तरुण स्त्रियांमधील एका चिवट यकृतदाहाचे वर्णन केले. त्यांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन हे प्रथिन बेसुमार वाढलेले होते. मेलबर्नच्या डॉ. इयन मॅके व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये ल्युपसशी असलेले साम्य पाहून त्यास ‘ल्युपॉइड हिपॅटायटिस’ म्हटले, आणि १९६५ मध्ये मॅके यांनीच ‘ऑटोइम्यून हिपॅटायटिस’ हे आज रूढ असलेले नाव सुचविले. त्या काळी यकृतदाह करणारे विषाणू पुरते ठाऊक नव्हते. ‘बी’ विषाणूची चाहूल १९६० च्या दशकात लागली, ‘सी’ १९८९ मध्ये सापडला. ‘ई’ च्या शोधात तर महाराष्ट्राचा हातभार आहे. दिल्लीत १९५५-५६ मध्ये दूषित पाण्यामुळे काविळीची प्रचंड साथ आली होती. ती ‘ए’ विषाणूची नव्हती, हे १९८० मध्ये जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून दाखविणाऱ्या संशोधकांमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या डॉ. खुर्शेद पावरी आणि त्यांचे सहकारी होते. विषाणूंची यादी पुरी होत गेली तसतसे, विषाणू नसलेला यकृतदाह हा वेगळाच विकार आहे, हे स्पष्ट होत गेले.

आपल्या देशात मात्र विषाणूंचाच एवढा सुळसुळाट की आत्मप्रतिरक्षी विकार ही पाश्चात्त्यांची गोष्ट, असा ग्रह दीर्घकाळ राहिला. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या शीर्षकातही ऑटोइम्यून हिपॅटायटिसला ‘विरळा’ आजारच म्हटले होते. त्यानंतर दोन वर्षांनी, २००७ मध्ये, मुंबईच्या डॉ. दीपक अमरापूरकर यांनी पश्चिम भारतातील आत्मप्रतिरक्षी यकृतविकारांचा आढावा एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. विषाणू नाही, दारू नाही आणि तरीही यकृत बिघडते आहे, अशा प्रत्येक रुग्णात या विकाराची शंका घ्यावी, हा त्याचा इत्यर्थ. हे नाव वाचकांना वेगळ्या कारणाने आठवत असेल. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत घरी परतताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून ज्या पोटविकारतज्ज्ञांचा अंत झाला, तेच हे डॉ. अमरापूरकर. वर्तमानपत्रांत त्या घटनेवर रकानेच्या रकाने आले, परंतु त्यांनी आपल्या भागातील रुग्णांच्या नोंदी चिकाटीने जमवून काय शिकविले, ते फारसे कोणी लिहिले नाही. दूरच्या देशांतील आकड्यांवर विसंबण्यापेक्षा आपल्या रुग्णांची नोंद आपण ठेवावी, हे त्यांच्या कामातून घेण्यासारखे आहे. ते लहान रुग्णालयांनाही अशक्य नाही.

निदानाची पद्धत कशी बदलत गेली हे पाहिले तर संशोधनाचा कल ध्यानात येतो. एका तपासणीने हा आजार सिद्ध होत नाही. रक्तातील काही विशिष्ट प्रतिपिंडे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एएनए, एसएमए, एलकेएम अशी जी अक्षरे दिसतात ती; ‘आयजीजी’ या प्रथिनाची पातळी; विषाणूंच्या तपासण्या नकारात्मक असणे; आणि सुईने काढलेल्या यकृताच्या बारीक तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी, असा हा चौकोन आहे. जगभरच्या तज्ज्ञांचा एक गट १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे जमला आणि त्याने गुणांची पद्धत ठरविली. ती १९९९ मध्ये सुधारली गेली. परंतु ती इतकी लांबलचक होती की संशोधनाबाहेर तिचा उपयोग अवघड, म्हणून २००८ मध्ये वर सांगितलेल्या चार बाबींवर आधारलेली सोपी गुणपद्धती आली. सहा गुण मिळाले तर आजार संभवतो, सात किंवा अधिक मिळाले तर तो निश्चित. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनाही कागदावर मांडता येईल असे हे गणित आहे. मात्र एक सावधानता. नुसती एएनए तपासणी सौम्य प्रमाणात सकारात्मक येणे हे निरोगी माणसांतही घडते. तेवढ्यावरून घाबरून जाण्याचे किंवा गोळ्या सुरू करण्याचे कारण नाही. तुकडा काढण्याच्या नावाने घरचे बिचकतात, ते स्वाभाविक आहे. तरीही वर्षानुवर्षे चालणारे औषध सुरू करण्यापूर्वी ही तपासणी शक्यतो टाळू नये, असेच तज्ज्ञांचे मत आहे. व्रण किती झाला आहे, हे पुढे पुन्हा पुन्हा पाहण्यासाठी आता फायब्रोस्कॅन हे वेदनारहित यंत्र आहे, त्यामुळे वारंवार तुकडा काढण्याची वेळ येत नाही.

उपचाराच्या बाबतीत सर्वांत मोठे पाऊल पडले ते पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात डॉ. शीला शेरलॉक यांच्या चमूने ४९ रुग्णांवर पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९७१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळालेल्या २२ जणांपैकी ३ दगावले. न मिळालेल्या २७ पैकी १५. यकृताच्या आजारात औषधाने जीव वाचतो, हे इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी क्वचितच दिसले होते. नंतर अॅझाथायोप्रिन ही दुसरी गोळी जोडीला आली, म्हणजे स्टेरॉइडची मात्रा कमी ठेवता येऊ लागली. ही दोन्ही औषधे आज भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, सर्वत्र मिळतात आणि महिन्याच्या किराणा खर्चात सहज सामावतात. मोठ्या बहुसंख्य रुग्णांचा दाह त्यांनी शमतो. यकृतावर व्रण पडलेले असले तरी कित्येकदा ते काही अंशी भरूनही येतात.

मग अडते कुठे? अडते ते सातत्यापाशी. तीन महिन्यांत डोळे स्वच्छ होतात, तोंडावर स्टेरॉइडची सूज येते, वजन वाढते, मुरुमे उठतात. आरशात पाहून तरुण मुलगी गोळी बंद करते, आणि कोणाला सांगत नाही. तज्ज्ञांच्या मते रक्ताचे सर्व अहवाल पूर्णपणे सुधारल्यानंतरही निदान दोन वर्षे उपचार चालू ठेवावेत, एकूण तीन वर्षे तरी. त्यानंतरही औषध थांबविले तर निम्म्याहून अधिक रुग्णांत आजार उलटतो. म्हणजे अनेकांना ही सोबत जन्माची.

येथे एक नाजूक गोष्ट लिहावी लागते. लग्न ठरले की गोळ्या थांबतात, हे आमच्या बाह्यरुग्ण विभागातील परिचारिका खेदाने सांगतात. सासरी पाकीट दिसू नये, म्हणून माहेरचेच ‘आता बरी झाली आहे’ असे म्हणतात. दुसरे भय मुलाबाळांचे. वस्तुस्थिती अशी की आजार आटोक्यात असेल तर या रुग्ण स्त्रियांची बाळंतपणे सामान्यतः सुखरूप होतात, आणि अॅझाथायोप्रिन गरोदरपणातही डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवता येते. बाळ व आई दोघांनाही धोका वाढतो तो औषध सोडल्यामुळे आजार उसळला तर. हे सांगण्यासाठी आईवडिलांना, आणि मुलीची संमती असेल तर होणाऱ्या जावयालाही, डॉक्टरांसमोर बसविणे हा उपचाराचाच भाग आहे, असे आमचे मत झाले आहे.

नव्या संशोधनाकडेही याच नजरेने पाहावे लागते. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील रुग्णालयांत अॅझाथायोप्रिनऐवजी मायकोफेनोलेट हे औषध सुरुवातीपासूनच देऊन पाहिले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ७० रुग्ण होते. चोवीस आठवड्यांनी मायकोफेनोलेट घेणाऱ्यांपैकी शेकडा ५६ जणांचे अहवाल पूर्ववत झाले, अॅझाथायोप्रिन घेणाऱ्यांपैकी शेकडा २९. औषध न सोसल्याने ते सोडावे लागलेल्यांचे प्रमाणही नव्या औषधात कमी होते. आकडे उत्साहवर्धक आहेत यात शंका नाही. परंतु मायकोफेनोलेटमुळे गर्भात व्यंग येऊ शकते, त्यामुळे गर्भधारणेच्या वयातील स्त्रीला ते देताना फार जपावे लागते, आणि या आजारात तर अशाच स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. परदेशातील चाचणीचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही तो असा.

दुसरे संशोधन थेट आपल्याशी संबंधित आहे. अॅझाथायोप्रिनने काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घटतात. युरोपात याचा संबंध टीपीएमटी या जनुकाशी जोडला जाई. कोरियातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखविले की आशियाई लोकांत एनयूडीटी-१५ हे दुसरेच जनुक अधिक महत्त्वाचे आहे. आयुष्यात एकदाच करावयाची ही रक्ततपासणी आता मुंबईतील प्रयोगशाळांत होते. ती शक्य नसेल तर पहिल्या दोन महिन्यांत दर आठवड्या-पंधरवड्याला साधी रक्तपेशींची गणना करणे हा परवडणारा मार्ग आहेच. याखेरीज आपल्या देशात प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे काढून झोपलेला क्षयरोग नाही ना, आणि रक्तात ‘बी’ विषाणू नाही ना, हे पाहणे अगत्याचे. या बाबतीत पाश्चात्त्य पुस्तकापेक्षा आपल्या डॉक्टरांचा अनुभव अधिक उपयोगी पडतो.

पीबीसीविषयी थोडे. मध्यम वयाच्या स्त्रीला अंगभर खाज सुटते, पुरळ मात्र दिसत नाही. वर्षभर मलमे लावून होतात. आणि मग कोणी तरी अल्कलाइन फॉस्फटेज तपासते. १९६५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी या आजाराची खूण असलेले एएमए प्रतिपिंड शोधले, तेव्हापासून निदान रक्तावरून होऊ लागले. या आजाराच्या नावात पूर्वी ‘सिरॉसिस’ हा शब्द होता. बहुसंख्य रुग्णांना सिरॉसिस झालेला नसतो, आणि तो शब्द ऐकला की लोक दारूचा संशय घेतात, या रुग्णांच्याच तक्रारीवरून २०१५ मध्ये नाव बदलण्यात आले. आयुष्यात थेंबही न चाखलेल्या आपल्याकडील बायकांना शेजारीपाजारी जे ऐकून घ्यावे लागते, ते पाहता हा बदल केवळ शब्दांचा आहे असे कोणी म्हणू नये.

या आजारावर उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे जुने औषध आजही पहिले आहे. ज्यांना ते पुरत नाही त्यांच्यासाठी २०१६ मध्ये अमेरिकेत ओबेटिकोलिक आम्लास घाईने मान्यता मिळाली. मोठा गाजावाजा झाला. पुढे काही रुग्णांत त्यानेच यकृताला इजा झाल्याचे दिसले, अपेक्षित लाभही सिद्ध झाला नाही. २०२४ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने मान्यता काढून घेण्याची शिफारस केली आणि २०२५ मध्ये उत्पादकाने अमेरिकेतूनही ते मागे घेतले. दरम्यान २०२४ मध्येच एलाफिब्रॅनॉर आणि सेलाडेलपार ही दोन नवी औषधे अमेरिकेत संमत झाली. अहमदाबादच्या झायडस कंपनीने शोधलेले सारोग्लिटाझार, जे भारतात २०१३ पासून मधुमेहींच्या रक्तातील चरबीसाठी वापरले जाते, त्याच्याही पीबीसीवर चाचण्या झाल्या आहेत. नातेवाईक भ्रमणध्वनीवर एखादी बातमी दाखवून ‘हे औषध का देत नाही?’ असे विचारतात. ओबेटिकोलिक आम्लाची हकीकत हे त्यांना देण्याजोगे उत्तर आहे.

आता एका वादग्रस्त विषयाकडे. करोनाच्या साथीत घरोघरी काढे उकळले आणि त्यात गुळवेल प्रमुख होती. आपल्या वाड्यांत कडुनिंबावर, आंब्यावर चढलेली गुळवेल कोणाला परकी नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईच्या डॉ. आभा नगराळ व सहकाऱ्यांकडे यकृतदाहाचे सहा रुग्ण आले, ज्यांनी गुळवेल घेतली होती आणि ज्यांच्या तपासण्यांत आत्मप्रतिरक्षेची चिन्हे होती. हा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती २०२२ मध्ये मांडली. गुळवेलीने काहींत आत्मप्रतिरक्षी स्वरूपाचा यकृतदाह होतो, किंवा आतल्या आत दबलेला जुना आजार उघडा पडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आयुष मंत्रालयाने तो अमान्य केला. गुळवेल सुरक्षित असून तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे. दोन्ही बाजू येथे नोंदविल्या आहेत. आयुर्वेदाशी आपल्या रुग्णालयाचे वैर नाही, असण्याचे कारणही नाही. परंतु प्रतिकारशक्ती ‘वाढविणारी’ वस्तू ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या यकृतावर उलटली आहे त्याला हितकर ठरेलच, असे गृहीत धरता येत नाही. निदान एवढे तरी व्हावे की काढा, चूर्ण, मुळी, जे जे पोटात जाते ते ते डॉक्टरांना सांगावे. औषधांची यादी विचारली असता घरचे फक्त केमिस्टकडील गोळ्या मोजतात, काढ्याला कोणी औषध समजत नाही. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिले जाणारे नायट्रोफ्युरंटॉइन आणि मुरुमांवरील मिनोसायक्लिन या अॅलोपॅथीच्या गोळ्याही क्वचित असाच यकृतदाह घडवितात, हे न्यायाच्या दृष्टीने सांगितले पाहिजे.

पुढील काळाकडे पाहता संशोधकांचा भर प्रतिकारशक्ती सरसकट दाबण्याऐवजी तिला पुन्हा शिस्त लावण्यावर आहे. शरीरात राखणदारांवर लक्ष ठेवणाऱ्या काही पेशी असतात, त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या. या संशोधनासाठी त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासमवेत २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशींची संख्या वाढवून यकृतावरील हल्ला थांबविता येईल का, यावर प्रयोग चालू आहेत. दुसरा मार्ग आहे तो प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशीच काढून टाकण्याचा. पवईच्या आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालयाने विकसित केलेल्या कार-टी उपचारास रक्ताच्या काही कर्करोगांसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली, हे वाचकांना ठाऊक असेल. त्याच जातीचा उपचार जर्मनीत ल्युपसच्या रुग्णांवर करून पाहिला गेला आणि उत्तम गुण आला. यकृताच्या पाळीला अजून अवकाश आहे.

आता हिशेब, जो माझा प्रांत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग होते. योजना चांगलीच आहे, तथापि तिची भाषा खाटांची आहे. आपण ज्या रुग्णांविषयी बोलत आहोत त्यांना नीट उपचार मिळाले तर खाट लागतच नाही. त्यांना लागते ती दर तीन महिन्यांनी एस.जी.पी.टी., आयजीजी व रक्तपेशींची तपासणी, गोळ्यांचे पाकीट, आणि चुकली तर फोन करून विचारणारे कोणी तरी. विरारहून पहाटेची लोकल पकडून परळला जायचे, रांगेत उभे राहायचे आणि संध्याकाळी परतायचे म्हणजे रोजंदारीवरील माणसाचा अख्खा दिवस बुडतो. दोनदा बुडतो, तिसऱ्यांदा तो जात नाही. मोखाड्याच्या पाड्यावरून येणाऱ्याचा तर मुक्कामच पडतो.

देणगीदारांचा ओढा यंत्रसामग्रीकडे असतो, आणि ते समजण्यासारखे आहे. यंत्रावर नाव कोरता येते, गोळ्यांच्या पाकिटावर येत नाही. यंत्र हा भांडवली खर्च, एकदा केला की संपला. गोळ्या व तपासण्या हा महसुली खर्च, दरवर्षी पुन्हा उभा. म्हणून ताळेबंदात पहिला शोभतो आणि दुसरा तुटीच्या रकान्यात दिसतो. परंतु यकृत निकामी झाल्यावर प्रत्यारोपणास लाखो रुपये लागतात, दाता मिळावा लागतो, नंतर आयुष्यभर औषधे असतात, आणि एवढे होऊनही नव्या यकृतात हा आजार परतू शकतो. एका प्रत्यारोपणाच्या रकमेत किती रुग्णांना वर्षानुवर्षे गोळ्या व तपासण्या पुरविता येतील, हे मांडून पाहण्यास लेखापालाची पदवी लागत नाही.

यास्तव विश्वस्त मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवीत आहे. दीर्घकाळ औषधे घ्यावी लागणाऱ्या यकृतरुग्णांसाठी स्वतंत्र कायम निधी उभारावा. मुद्दल हात न लावता ठेवून केवळ व्याजातून तपासण्या व औषधे द्यावीत. महिन्यातून एक शनिवार या रुग्णांसाठी ठेवावा, ज्या दिवशी मुंबईचे मानद यकृततज्ज्ञ येथे येतील. प्रत्येक रुग्णाची एक वही असावी, तिची प्रत कार्यालयात राहावी, आणि ठरल्या तारखेस न आलेल्यास समाजसेविकेने फोन करावा. प्रत्यारोपणाचा खर्च या निधीतून करू नये, त्यासाठी शासकीय योजना व अन्य न्यासांचे साहाय्य मिळवून देण्याचे काम कार्यालय पूर्ववत करील. प्रस्तावाचा मसुदा व अंदाजित खर्चाचे पत्रक कार्यालयीन वेळेत पाहावयास उपलब्ध आहे. सूचना लेखी द्याव्यात. ज्या कुटुंबांत असा रुग्ण आहे त्यांनी जुने अहवाल, अगदी पहिल्या काविळीच्या वेळचेही, टाकून न देता सोबत आणावेत.